काटा कोणाचा?

मुंबईकर वाचकांची भातसेशी ओळख नळापुरती. धरणाच्या कामासाठी वसलेल्या भातसानगरात राहायला आले म्हणजे कळते, की ज्या शहापूर तालुक्यातून शहराला पाणी जाते, त्याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. मग ओटीवर जमलेली आम्ही चार माणसे हटकून मोर्चांवर बोलू लागलो, तर नवल कसले?

२०१८ च्या मार्चात नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी कसारा घाट उतरून याच तालुक्यातून मुंबईला चालत गेले. वनहक्क कायदा २००६ चा, पण कसती जमीन नावावर होत नव्हती! २०२३ साली पुन्हा मोर्चा निघाला, तो वाशिंदला थांबला. "पुन्हा कशाला?" या एका प्रश्नावरून रविवारच्या बैठकीत अशी जुंपली, की चहा निवून गेला. अखेर ठरले, भांडण्यापेक्षा मुळापासून वाचू या. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हाती घेतले.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला, म्हणजे आमच्या शेजारीच, किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळ झरीला वारली जमले. वेठ करायची नाही, बारा आणे रोजाशिवाय सावकाराच्या शेतात कामाला जायचे नाही, असे ठरवून उठले. पुढे गवतकापणीचा संप झाला. मागणी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार होऊन पाच आदिवासी बळी गेले.

आम्ही शिकलेली मंडळी लगेच हिशेबाला लागलो. एक माणूस दिवसाकाठी किती गवत कापील? अडीच रुपये रास्त की जास्त? पायरीवर भाजीची पाटी उतरवून एक म्हातारी ठाकूरबाई टेकली होती. ती म्हणाली,

"पन काटा कुनाचा व्हता, भाऊ?"

सगळे गप्प. पाचशे पौंड झाले, हे सांगणार कोण, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता!

तेव्हापासून बैठकीचा रोख बदलला. वनहक्काच्या दाव्यात जमीन मोजली कोणी, नकाशा कोणाच्या हाती, हे आता आधी विचारले जाते. रविवारी मावशींसाठी एक खुर्ची मांडलेली असते. त्या पाटी तिच्यावर ठेवतात आणि स्वतः पायरीवरच बसतात.