विश्लेषण : प्रयोगशाळेतला हिरा खरा असेल, तर तो इतका स्वस्त का?

साखरपुड्याच्या अंगठीसाठी माझी मावसबहीण डिसेंबरात पुण्यातल्या एका सराफी दुकानात गेली होती. काउंटरवर दोन अंगठ्या समोर आल्या. दोन्हींत एक कॅरटचा गोल हिरा, घडण सारखीच, दोन्हींबरोबर प्रमाणपत्र. एकीची किंमत सव्वाचार लाखांच्या घरात, दुसरीची ७२ हजार. ‘ताई, दोन्ही खरेच हिरे आहेत. हा खाणीतला, हा लॅबचा,’ विक्रेत्याने सांगितले. सोबत आलेल्या मावशीने लगेच विचारले, ‘मग उद्या मोडायला आणली तर हिचे किती येतील?’ विक्रेता हसला आणि बायबॅकचे पत्रक शोधू लागला.

लॅब-ग्रोन हिऱ्यांच्या जाहिरातींत ‘परवडणारा’ आणि ‘नैतिक’ हे दोन शब्द हमखास असतात. मावशीचा प्रश्न मात्र त्या जाहिरातींत नसतो. यातले नेमके काय खरे आहे?

आधी शंका मिटवू : हा नकली हिरा नाही

आपल्याकडे ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून जे विकले जाते, तो हिरा नसतो. ते क्युबिक झिरकोनिया, म्हणजे झिरकोनियम ऑक्साइडचे स्फटिक. मॉइसनाइट हेही वेगळेच, सिलिकॉन कार्बाइड. लॅब-ग्रोन हिरा या यादीत बसत नाही. तो शुद्ध कार्बन आहे, त्यातल्या अणूंची रचना खाणीतल्या हिऱ्यासारखीच आहे आणि म्हणून कठीणपणा, चमक, उष्णता वाहून नेण्याची क्षमता हे सगळे गुणही तेच. दुकानात पेनसारखे जे ‘डायमंड टेस्टर’ वापरतात, ते उष्णतावहन मोजते. त्यामुळे ते दोन्हींना हिराच म्हणते, आणि ते चुकीचे नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१८ मध्ये दागिन्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे बदलली. त्यात हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढून टाकला. अट एकच राहिली : हिरा प्रयोगशाळेतला असेल, तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगायचे. उलट आयएसओच्या २०१५ च्या मानकानुसार नुसते ‘हिरा’ म्हटले की तो नैसर्गिकच समजायचा. म्हणजे वस्तू काय आहे याबद्दल विज्ञानाचा वाद नाही, वाद आहे तो नावाचा. आणि नावावरच किंमत ठरत असल्यामुळे तो साधा नाही.

यंत्रात हिरा वाढतो कसा?

नैसर्गिक हिरे जमिनीखाली साधारण १५० ते २०० किलोमीटर खोल, प्रचंड दाब आणि उष्णतेत तयार झाले. त्यांतले बहुतेक एक ते साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत. ज्वालामुखीच्या उद्रेकांनी ते किंबर्लाइट या खडकातून वर आणले. माणसाने आधी हीच परिस्थिती यंत्रात तयार करण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये तो जमला आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये जाहीर झाला. ते हिरे म्हणजे बारीक कण होते, कापायच्या आणि घासायच्या अवजारांसाठी. दागिन्यात बसवण्याजोगा खडा या कंपनीने १९७० मध्ये केला, पण तो खाणीतल्या हिऱ्यापेक्षा महाग पडत होता.

या पद्धतीला एचपीएचटी म्हणतात. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतला कार्बन. तो वितळलेल्या लोह, निकेल किंवा कोबाल्टमध्ये विरघळवायचा आणि वातावरणाच्या ५० ते ६० हजार पट दाबाखाली, १,३०० ते १,६०० अंश सेल्सियसला एका छोट्या हिऱ्याच्या कणावर, म्हणजे ‘सीड’वर, जमू द्यायचा.

दुसरी पद्धत सीव्हीडी. भारतात दागिन्यांसाठी प्रामुख्याने हीच वापरली जाते आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला मोह पडावा अशी आहे. हिऱ्याची पातळ चकती एका निर्वात कक्षात ठेवतात. आत भरपूर हायड्रोजन आणि थोडा मिथेन सोडतात. मग त्यावर मायक्रोवेव्ह सोडल्या की वायूचा झगझगीत प्लाझ्मा होतो. अनेक यंत्रांत या लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ असते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचीच. मिथेनचे रेणू फुटतात आणि कार्बनचे अणू चकतीवर थरावर थर बसू लागतात. गंमत हायड्रोजनच्या कामात आहे. काही कार्बन हिऱ्याऐवजी ग्रॅफाइट होऊन बसतो. हायड्रोजनचे अणू तो ग्रॅफाइट खरवडून काढतात आणि हिऱ्याला फारसा धक्का लावत नाहीत. वाढीचा वेग तासाला काही मायक्रॉन इतकाच, म्हणून दागिन्यापुरता खडा व्हायला काही आठवडे लागतात. या काळात वीज गेली किंवा तापमान हलले, तर खड्यात दोष राहतो.

पैलू पाडण्याचे काम पुढे नेहमीसारखेच, त्याच चाकांवर.

ओळख पटते ती वाढीच्या खुणांवरून. कोट्यवधी वर्षे जमिनीत राहिलेल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू एकत्र येऊन पुंजके झालेले असतात. आठवड्यांत वाढलेल्या हिऱ्याला तेवढा वेळच मिळालेला नसतो. तीव्र अतिनील प्रकाशात दोघांची वाढ वेगवेगळ्या नक्षीत दिसते. पण हे कळायला प्रयोगशाळेतली उपकरणे लागतात. भिंगातून पाहून ‘मी ओळखतो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

किंमत कोसळली का?

खाणीतल्या हिऱ्याचा भाव कॅरटमागे सारखा नसतो. कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. अर्ध्या कॅरटचे दोन हिरे आणि एक कॅरटचा एक हिरा यांचे वजन सारखे, पण मोठा खडा दुर्मीळ म्हणून तो कितीतरी महाग. २०१८ मध्ये डी बिअर्स या हिरे उद्योगातल्या सर्वांत प्रसिद्ध कंपनीने ‘लाइटबॉक्स’ नावाने लॅब-ग्रोन दागिने आणले, तेव्हा हे गणितच मोडून काढले. पाव कॅरट २०० डॉलर, अर्धा ४००, एक कॅरट ८००. जणू काही किलोवर विक्री. लॅबचा हिरा ही दुर्मीळ वस्तू नाही, फॅशनची वस्तू आहे, असा संदेश त्यातून द्यायचा होता.

संदेश पोहोचला, आणि भाव त्याच्याही खाली गेले. २०२४ मध्ये लाइटबॉक्सने कॅरटचा दर ५०० डॉलरपर्यंत उतरवला. त्याच वर्षी डी बिअर्सने दागिन्यांसाठी हिरे वाढवणे थांबवण्याचे जाहीर केले आणि मे २०२५ मध्ये लाइटबॉक्सच बंद करण्याची घोषणा केली. आज बाजारात लॅबचा हिरा तशाच नैसर्गिक हिऱ्याच्या साधारण दशांश किमतीला मिळतो.

कारण सरळ आहे. खाण एका दिवसात दुप्पट होत नाही, यंत्रांची संख्या होते. चीन आणि भारतात ती झपाट्याने वाढली. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेत सीव्हीडीचे कारखाने उभे राहिले. केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात सीडवरचे आयात शुल्क काढून टाकले आणि यंत्रे व सीड देशात बनवण्याच्या संशोधनासाठी आयआयटी मद्रासला पाच वर्षांसाठी २४२.९६ कोटी रुपये दिले. जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा लॅब-ग्रोन हिरा भेट दिला, तोही याच उद्योगाच्या प्रचाराचा भाग होता. ज्यांनी पेन ड्राइव्हचे भाव वर्षागणिक पडताना पाहिले आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल. कालचा खडा आज त्याच दराने विकता येत नाही, कारण कारखाना आज तोच खडा आणखी स्वस्तात बनवतो.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. दुकानाची बायबॅकची हमी ही बहुधा त्याच दुकानापुरती, काही वेळा फक्त दुसरा दागिना घेण्यापुरती असते. अर्थात नैसर्गिक हिऱ्यालाही मोडताना दुकानातली किंमत येत नाही, हे विक्रेते आवर्जून सांगत नाहीत. अडीअडचणीला दागिना गहाण ठेवला, तर बँक फक्त सोन्याचे वजन धरते. खडा कोणताही असो, तो हिशेबात नसतो.

आणि ‘नैतिक’?

१९९० च्या दशकात सिएरा लिओन आणि अंगोलातल्या बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रे घेतली. ‘ब्लड डायमंड’ हा शब्द तिथून आला. त्यावर उपाय म्हणून २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया लागू झाली. कच्च्या हिऱ्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर सरकारी प्रमाणपत्र लागते. पण तिच्यातली ‘संघर्षग्रस्त हिऱ्या’ची व्याख्या अरुंद आहे : बंडखोरांनी वैध सरकारविरुद्ध लढण्यासाठी वापरलेले कच्चे हिरे. अत्याचार सरकारी सैन्यानेच केले तर? २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या मरांगे भागात लष्कराने खाणीतल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. व्याख्येत ते बसत नव्हते. तेव्हा ‘माझ्या हिऱ्यामागे असे काही नको’ म्हणून लॅबचा हिरा निवडणाऱ्याचा मुद्दा रास्तच आहे.

पण जाहिरातीत आफ्रिकेची गोष्ट इथेच संपते, आणि तिथे गडबड आहे. बोट्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अतिगरीब देशांत होता. पुढच्याच वर्षी तिथे हिरे सापडले. सरकार आणि डी बिअर्स यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी उभी राहिली आणि त्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने झाले. देशाच्या निर्यातीत हिऱ्यांचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास. गेल्या काही वर्षांत मागणी घटली, त्यात लॅब-ग्रोनचा हात मोठा. ऑगस्ट २०२५ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे तिथल्या राष्ट्राध्यक्षांना सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. हिऱ्यांचे घटलेले उत्पन्न हे त्यामागचे एक कारण होते. खाणीतला प्रत्येक हिरा रक्ताचा नसतो, हे सांगायला याहून ठळक उदाहरण नाही.

दुसरा दावा पर्यावरणाचा. लॅबच्या हिऱ्यासाठी डोंगर खणावा लागत नाही, हे खरे. पण प्लाझ्मा आठवडेच्या आठवडे पेटता ठेवायला वीज लागते आणि भारतातली बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते. कारखाना सौर किंवा पवन ऊर्जेवर चालत असेल तर चित्र वेगळे. म्हणून विचारायचा प्रश्न ‘लॅबचा आहे का’ इतकाच नसून ‘कुठल्या विजेवर वाढला’ हाही आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये आठ विक्रेत्यांना इशारापत्रे पाठवली, त्यात पुराव्याशिवाय ‘इको-फ्रेंडली’ म्हणू नका असेही बजावले होते. आपल्याकडच्या दुकानांतल्या हिरव्या पानांच्या चित्रांकडे पाहून ती पत्रे आठवतात.

तिसरी बाजू सुरतेतल्या रत्नकलाकारांची. त्यांना मजुरी नगावर मिळते. मंदी आली की आधी सुट्या वाढतात, मग काम जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका बड्या कंपनीने ५० हजार कामगारांना एकदम दहा दिवसांची सुटी दिली. त्याच वर्षी कामगारांच्या आत्महत्या वाढल्यामुळे त्यांच्या संघटनेला हेल्पलाइन सुरू करावी लागली. याला एकटा लॅबचा हिरा कारणीभूत नाही. अमेरिका आणि चीनमधली घटलेली मागणी, रशियन हिऱ्यांवरचे निर्बंध हेही आहे. शिवाय लॅबच्या खड्यांनी याच शहरात आणि अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांत कामही दिले आहे. पण दागिना ‘नैतिक’ म्हणताना तो घासणाऱ्याची मजुरी कोणी मोजत नाही.

घ्यायचाच असेल तर

बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. नुसते ‘डायमंड’ नको, प्रयोगशाळेतला असा स्पष्ट उल्लेख हवा. प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, तो दुकानातच भिंगातून दाखवायला सांगा. जीआयए या अमेरिकी संस्थेने ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग आणि शुद्धतेची पूर्वीसारखी श्रेणी देणे बंद केले आहे. ती आता फक्त ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ म्हणते. त्यामुळे श्रेणीच्या एका अक्षरासाठी दुकानदार जास्त पैसे मागत असेल, तर दोनदा विचार करा. बायबॅकची अट तोंडी नको, रोख की बदली हे लेखी हवे.

मावसबहिणीने ७२ हजारांचीच अंगठी घेतली. बिल असे होते : १८ कॅरटचे साडेतीन ग्रॅम सोने ३४ हजार, हिरा २८ हजार, उरलेली घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी. एक कॅरटच्या हिऱ्याच्या अंगठीत हिऱ्यापेक्षा सोने महाग पडले होते. मावशीने चष्मा लावून ते दोनदा वाचले, मग सोन्याच्या वजनाखाली पेनाने रेघ ओढून बिल पर्समध्ये ठेवले.