एकशे चव्वेचाळीस मिनिटांचा हिशेब

‘बझरबीटर’ नावाच्या बास्केटबॉलमध्ये चेंडूला कुणाचाच हात लागत नाही. २००७च्या सुमारास सुरू झालेला हा खेळ इंटरनेट ब्राउझरमध्येच चालतो आणि तो खेळणारा प्रत्येक जण एका संघाचा मॅनेजर असतो. खेळाडूंची खरेदी-विक्री करायची, त्यांचे पगार भागवायचे, स्टेडियम वाढवायचं, तिकिटांचे दर ठरवायचे आणि सामन्याआधी पाच जागांवर कोण उतरणार हे नोंदवून मोकळं व्हायचं. सामना कॉम्प्युटर खेळवतो; मॅनेजरनं त्याचं शब्दांतलं धावतं वर्णन वाचत हळहळायचं, नाहीतर टाळी वाजवायची.

या घराण्यातला जुना आणि नावाजलेला खेळ म्हणजे १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला फुटबॉलचा ‘हॅट्रिक’. संथ चाल हा या साऱ्या खेळांचा स्वभाव. बझरबीटरमध्ये आठवड्याला तीन सामने होतात, सरावाचं फळ शुक्रवारी एकदाच हातात पडतं आणि १४ आठवड्यांचा एक हंगाम संपला की खेळाडू एका वर्षानं मोठा होतो. म्हणजे अठरा वर्षांचा पोरगा पंचविशीचा व्हायला सात हंगाम लागतात. खऱ्या कॅलेंडरवर ते ९८ आठवडे होतात, जवळजवळ दोन वर्षं. तयार खेळाडू बाजारात बोली लावून मिळतात, पण ते महाग असतात. म्हणून बहुतेक मॅनेजर कधी ना कधी पोरं घडवायच्या वाटेला लागतात, आणि तिथून त्यांची खरी कसोटी सुरू होते.

कच्चा माल येतो ड्राफ्टमधून. दर हंगामाच्या शेवटी अठरा-एकोणीस वर्षांची नवी पोरं लीगमधल्या संघांत वाटली जातात. प्रत्येकाच्या नावापुढे कौशल्यांची यादी असते: लांबून नेम, चेंडू हाताळणं, पास देणं, बास्केटजवळचा बचाव, रिबाउंड वगैरे. एकेका कौशल्याला ‘अ‍ॅट्रोशस’पासून ‘लेजेंडरी’पर्यंत वीस पायऱ्या आहेत. त्याशिवाय ‘पोटेन्शियल’, म्हणजे पोरगं कुठवर जाऊ शकेल त्याची मर्यादा. तिच्या श्रेणी थोड्या खट्याळपणानं ठरवल्या आहेत. सर्वांत खालची ‘अनाउन्सर’: या पोरानं खेळण्यापेक्षा माइक हातात घेतलेला बरा! त्यावर ‘बेंच वॉर्मर’, आणि चढत चढत ‘एमव्हीपी’, ‘हॉल ऑफ फेमर’, ‘ऑल-टाइम ग्रेट’. मर्यादा गाठली की सराव बंद पडत नाही, पण कौशल्य मुंगीच्या पावलानं वाढू लागतं. म्हणून आज कच्चा दिसणारा पण वरच्या श्रेणीतला पोरगा बऱ्याचदा आज चमकणाऱ्यापेक्षा जास्त भाव खातो.

उंचीचा नियम तर नवख्याला पार गोंधळात टाकतो. खऱ्या बास्केटबॉलमध्ये उंच माणूस थेट बास्केटपर्यंत पोचतो; इथे सामन्याच्या निकालावर उंचीचा काहीच परिणाम होत नाही. ती फक्त शिकण्याचा वेग ठरवते. उंच खेळाडू बास्केटजवळची कामं भराभर शिकतो, तर बुटका ड्रिबलिंग, पासिंग आणि बाहेरचा बचाव. वयाचाही वाटा आहेच. अठराव्या वर्षी सगळंच झपाट्यानं येतं, पुढे दरवर्षी वेग उतरत जातो आणि तिशी उलटल्यावर शिकवणी जवळपास वाया जाते.

एवढं जमवून आणलं तरी सराव आपोआप होत नाही. मॅनेजरला आठवड्यात संपूर्ण संघासाठी सरावाचा एकच प्रकार निवडता येतो आणि तो ठरावीक जागांना जोडलेला असतो. पासिंग शिकवायचं तर चेंडू हाताळणाऱ्या पॉइंट गार्डच्या जागेवर, रिबाउंड शिकवायचे तर बास्केटजवळच्या सेंटरच्या. एकाच जागेवर सराव घेतला तर गती सर्वाधिक. दोन जागांवर पसरवला तर ती कमी. सगळ्या संघाला द्यायचा म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम प्रसाद. आणि खरी मेख पुढेच आहे. आठवड्याभरात त्या जागेवर ४८ मिनिटं खेळल्याशिवाय सरावाचं पूर्ण माप पदरात पडत नाही.

सामना ४८ मिनिटांचा, आठवड्याला सामने तीन. एका जागेच्या वाट्याला येतात १४४ मिनिटं. त्यांत ४८ची वाटणी केली की तीनच पोरं बसतात, चौथ्याला जागा नाही. दोन जागांचा सराव घेतला तर सहा जण बसतात, पण प्रत्येकाचा वेग घटतो. बझरबीटरमधल्या मॅनेजरांची निम्मी डोकेफोड या मिनिटांच्या वाटपावर चाललेली असते, आणि त्यांतलं एकही मिनिट पैसे मोजून वाढवून मिळत नाही.

उदाहरणासाठी एक आठवडा घेऊ. मंगळवारी आणि शनिवारी लीगचे सामने, मध्ये गुरुवारी कपचा. संघ कपमधून बाहेर पडला असेल तर गुरुवारसाठी कुणाशी तरी मैत्रीपूर्ण सामना ठरवायला हवा. विसरलं की ४८ मिनिटं बुडाली. एखाद्या पोराला पूर्ण सामना खेळवायचा असेल तर मॅनेजर त्या जागेच्या मुख्य आणि राखीव अशा सगळ्या रकान्यांत त्याचंच नाव भरतो. तरीही पोरगं फाउल करून तिसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर बसलं किंवा घोटा मुरगळून घेतला, तर ४८ऐवजी ३० मिनिटांवर समाधान मानायचं. उरलेली भरून काढायला त्याला दुसऱ्या सामन्यात घुसवावं, तर दुसऱ्या पोराचा वाटा कापला जातो. शिवाय आठवड्यात मिनिटं फार झाली किंवा फारच कमी पडली, तरी खेळाडूचा फॉर्म उतरतो.

सर्वांत अवघड असतं एखाद्या उंच सेंटरला गार्डची कामं शिकवणं. खऱ्या बास्केटबॉलमध्ये असे खेळाडू दिसतात. न्यू ऑर्लिन्सच्या संघानं २०१२च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला अँथनी डेव्हिस शाळेत असताना गार्ड होता. मग तो झपाझप वाढून सहा फूट दहा इंचांवर गेला आणि चेंडू हाताळायची लहानपणची सवय अंगात राहिली. २०१४ मध्ये ४१व्या क्रमांकावर निवडलेल्या सर्बियाच्या निकोला योकिचचं पासिंग तर भल्याभल्या गार्डना लाजवतं. असा सेंटर बझरबीटरमध्ये हवा असेल तर सात फुटी पोराला पॉइंट गार्ड म्हणून उतरवावं लागतं. उंचीमुळे तो हे सावकाश शिकतो, आणि तोवर समोरचा चपळ गार्ड त्याच्या बाजूनं सटकून गुण लुटत राहतो. म्हणून जाणते मॅनेजर अवघड कौशल्यं अठरा-एकोणीसच्या वयातच उरकतात आणि उंच पोराला सोपी जाणारी बास्केटजवळची कामं मागे ठेवतात. त्या काळात लीगमधले चार-दोन सामने हरले तरी चालतील, असं त्यांनी मनाशी आधीच ठरवलेलं असतं.

हा हिशेब पगारातही उतरतो. खेळाडूचा पगार त्याच्या कौशल्यांवरून ठरतो आणि हंगाम बदलला की नव्यानं आकारला जातो. नुसती बास्केटजवळची कौशल्यं फुगवलेला सेंटर संघाच्या तिजोरीला भोक पाडतो. त्याला वेळेत विकायचं की सामने जिंकण्यासाठी ठेवायचं, हा वाद मॅनेजर मंडळींत कायमचा आहे.

त्यात भर पडते देशाच्या संघाची. बझरबीटरमध्ये प्रत्येक देशाचा मुख्य संघ असतो, एकवीस वर्षांखालच्यांचाही असतो आणि त्यांचे प्रशिक्षक त्या देशाच्या मॅनेजरांच्या मतदानानं निवडले जातात. निवडून आलेला प्रशिक्षक गुणी पोरांवर नजर ठेवतो आणि त्यांच्या मालकांना निरोप धाडतो: याला पुढचे काही आठवडे पासिंग द्या, रिबाउंडचं नंतर पाहू. मालकाचा संघ त्याच आठवड्यांत लीगमधली आपली जागा वाचवायला झगडत असेल, तर पॉइंट गार्डच्या रकान्यात देशाचा सात फुटी उमेदवार लिहायचा की रोजचा गार्ड, हे त्याला सामना सुरू होण्याआधी ठरवून टाकावं लागतं.