चोपदाराचा दंड आणि तळावरील शांती

आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी सायंकाळी तळावर येते, तेव्हा टाळ-मृदंगांचा घोष दुमदुमत असतो. चोपदार दंड उंचावतो आणि सारा तळ निःशब्द होतो. जिची तक्रार असेल ती दिंडीच तेवढी टाळ वाजवीत राहते. तिचे गाऱ्हाणे ऐकून मगच समाजआरती होते.

ही शिस्त राहुट्यांतही यावी, असे आम्हांस वाटते. एका मुक्कामी शेजारचा कर्णा मध्यरात्रीपर्यंत चालला. पाय सुजलेल्या आजींचा डोळा लागला नाही. पहाटे त्या तशाच चालू लागल्या. सन २००० च्या नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकास सामान्यतः मनाई आहे. परंतु वारकऱ्यास दंडक कशाला हवा? नाम मनातही घेता येते. थकल्याभागल्या शेजाऱ्याची निद्रा राखणे, हीही पांडुरंगाचीच सेवा होय.