नोकरीची ऑर्डर आणि आहेराचं कापड

आमच्या लोहारा भागात सरकारी नोकरीची ऑर्डर आली की पेढे वाटले जातात, सत्कार होतो आणि मग खरा प्रश्न पुढे येतो : रुजू व्हायला घालायचं काय? स्पर्धा परीक्षेच्या तयारीत उमेदीची वर्षं अभ्यासिकेत घालवलेल्या पोराकडे दोन जीन्स, काही टी-शर्ट आणि कुणाच्या तरी लग्नात घेतलेला एक चकचकीत शर्ट, एवढंच असतं. पगारही लगेच हातात पडत नाही. कनिष्ठ लिपिकाचं मूळ वेतन 19,900 रुपयांपासून सुरू होतं हे ऐकायला बरं वाटतं. पण सेवार्थ प्रणालीत नाव चढेपर्यंत, निवृत्तिवेतनाचं खातं उघडेपर्यंत आणि कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत पहिला पगार दोन-तीन महिने लांबू शकतो. तोवर खोलीभाडं, मेस, एसटीचं भाडं आणि कपडे, सगळा भार घरच्यांवरच.

पुतण्याची नेमणूक धाराशिवला झाली तेव्हा त्याने मोबाइलवर शर्ट-पँटी निवडून ठेवल्या होत्या. बेरीज 8,000च्या पुढे गेलेली. वहिनींनी ती ऐकली आणि काही न बोलता पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढली. मराठवाड्यात बहुतेक घरांत अशी ट्रंक असते. लग्न, वास्तुशांती, सेवानिवृत्ती, कार्य कोणतंही असो, टॉवेल-टोपीसोबत शर्ट-पँटचा पीस आहेरात येतो. पुढच्या कार्यात तोच दुसऱ्या घरी आहेर म्हणून जातो. या फिरतीत काही चांगलं कापड तळाशी राहून जातं, तसं आमच्याकडेही राहिलं होतं. डांबरगोळ्यांचा वास मारणारे ते पीस पिशवीत भरून आम्ही मास्तरांकडे गेलो.

मास्तर जुने. 1999 साली लोहारा तालुका झाला, तहसील आली, पंचायत समिती आली, आणि तेव्हापासून कचेरीतल्या माणसांचे कपडे ते शिवत आलेत. त्यांनी टेपला हात लावला नाही. आधी प्रत्येक पिसाच्या काठातून एक धागा उपसला, काडी ओढली आणि धागा ज्योतीवर धरला. सुती धागा भुर्रकन जळाला, जळक्या कागदाचा वास आला आणि बोटांत चिमूटभर मऊ राख उरली. दुसऱ्या पिसाचा धागा जळण्याआधी आकसला, वितळला आणि टोकाला काळी, टणक गोळी धरली. ते शुद्ध पॉलिस्टर. मास्तर म्हणाले, "ह्ये पँटला चालतंय की. शर्टाला नगं, उन्हाळ्यात पोराचा जीव जाईल." आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा सल्ला लाखमोलाचा. तिसरा धागा जळालाही आणि टोकाला बारीकशी गोळीही राहिली : टेरीकॉट. रोज एसटीत गर्दीत उभं राहून जाणाऱ्याला शर्टासाठी हेच सोयीचं, कारण निव्वळ सुती शर्ट ऑफिस गाठेपर्यंत चुरगळून जातो.

मग पन्हा आणि लांबी. 58 इंची पन्ह्याचं कापड असेल तर सव्वा मीटरमध्ये पँट बसते. शर्टाला 36 इंची पन्ह्यात पूर्ण बाहीसाठी सव्वादोन मीटर तरी हवं. आहेराचा पीस इथेच फसवतो. देणाऱ्याने खर्च वाचवलेला असतो आणि कापड अर्ध्या बाहीपुरतंच निघतं. आमच्या दोन पिसांचं तसंच झालं. मास्तरांनी चमकणारे पीस घडी घालून परत दिले. ते पुन्हा आहेराच्या वाटेला लागतील.

माप घेताना त्यांनी पुतण्याला बूट घालून उभं केलं. पँटची उंची अनवाणी घेतली तर बुटावर ती आखूड पडते. उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम, एकेक आकडा वहीत उतरत गेला. पोरगा पोट आत ओढून उभा होता. मास्तरांनी त्याला श्वास सोडायला लावला आणि पुन्हा टेप फिरवला. पँट कापताना त्यांनी मागच्या शिवणीत दीड इंच माया सोडली, खालच्या दुमडीतही भरपूर ठेवली. खुर्चीवरच्या नोकरीत कंबर वाढते आणि ती वाढली की हीच पँट उसवून पुन्हा बसवता येते. तयार पँटमध्ये मागे एवढं कापड सहसा नसतं. सुती पीस मात्र त्यांनी त्या दिवशी कापलाच नाही. आधी पाण्यात भिजवून, वाळवून आणायला सांगितला, नाहीतर पहिल्या धुण्यात कॉलर गळ्याला आवळते.

रंगांचं काम सोपं झालं. राज्य सरकारच्या 8 डिसेंबर 2020च्या परिपत्रकात चित्रविचित्र नक्षीचे कपडे, टी-शर्ट आणि स्लीपर ऑफिसात नकोत असं आहे, आठवड्यातून निदान शुक्रवारी तरी खादी घालावी असंही आहे. गडद राखी आणि काळी अशा दोन पँटी, त्यावर फिके चार शर्ट. पांढरा आम्ही टाळला. आमच्या बोअरच्या जड पाण्यात पांढरं कापड काही महिन्यांत पिवळट पडतं आणि नीळ घालूनही मूळ रंगावर येत नाही. आकाशी आणि मोतिया टिकतात. खादीचा शर्ट पुढे ढकलला, कारण गांधी जयंतीपासून खादी भांडारांत सूट असते.

शर्टाची शिलाई साधारण 350, पँटची 450. सगळे कपडे धरून हिशोब 2,300 रुपये. उरलेल्या पैशांतून बूट घेतले, आणि तिथे हात आखडला नाही. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो, म्हणून खरेदी संध्याकाळी. काळा, बंद, लेस असलेला, खऱ्या चामड्याचा आणि तळ शिवलेला जोड. नुसता चिकटवलेला तळ पावसाळ्यात लवकर सुटतो.

मुलींचा हिशोब वेगळा आणि जड. आहेरातली साडी फुकट मिळाली तरी फॉल, पिको आणि अस्तराचा ब्लाउज यांत बरेच पैसे जातात, आणि जरीकाठाची साडी रोज नेसून बस पकडता येत नाही. त्यांनी ब्लाउज पिसांच्या ढिगाकडे न बघता साधे सुती कुर्ते शिवून घ्यावेत, हे माझं स्पष्ट मत. नोकरीला लागलेल्या नात्यातल्या बायकाही हेच सांगतात.

ज्यांच्या घरी ऑर्डर येणार आहे त्यांना एकच विनंती. निवड यादीत नाव दिसताच कापड मास्तरांकडे टाका, रुजू होण्याची तारीख येईपर्यंत थांबू नका. लगीनसराईत तर महिनाभर आधी द्या. आणि शिलाईत घासाघीस करू नका; मायेचं कापड विचारून सोडणारे हात तालुक्याच्या गावांत आता मोजकेच उरले आहेत.