पंधराव्या दिवसाची गोळी

शेतातल्या आखाड्यावरचं पिल्लू जनावरांच्या दवाखान्यात येतं ते बहुधा खताच्या रिकाम्या गोणीत, नाहीतर मोटारसायकलच्या टाकीवर, धन्याच्या दोन हातांच्या मधे. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, हिंगोली जिल्ह्यातला कुठलाही तालुका घ्या, सकाळची रांग गाई-म्हशींची असते. पोट फुगलेलं वासरू, सारखी उलटणारी गाय, कासेला सूज आलेली म्हैस. कुत्र्याचा नंबर त्यानंतर. आणि तक्रार सांगितली जाते ती एका वाक्यात: “खातंय लई, पण अंगी लागंना.”

या एका वाक्यात अर्धं निदान असतं. उरलेलं समोर दिसतं. पोट मडक्यासारखं तट्ट, वरून बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, केस राठ आणि निस्तेज. तरीही जाणता पशुवैद्य आधी पोटाला हात लावत नाही. तो पिल्लाचा वरचा ओठ उचलून हिरडी बघतो. हिरडी गुलाबी असेल तर हाताशी वेळ आहे. पांढरीफटक असेल तर रांगेतल्या म्हशीला थोडं थांबावं लागेल.

हिरडीचं एवढं महत्त्व अंकुशकृमीमुळे आहे. हा जंत जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचा, दोऱ्याच्या तुकड्यासारखा. आतड्याच्या आतल्या आवरणाला दातांनी चावा घेऊन लटकतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण 0.1 मिलीलीटर रक्त घालवतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक किलो वजनाच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं 80-90 मिलीलीटर. शंभर जंत असले तर रोजचे दहा मिलीलीटर गेले. डांबरासारखी काळी, चिकट हगवण लागते, पिल्लू कोपऱ्यात पडून राहतं आणि चार दिवसांत डोळ्यांदेखत जातं. गावात म्हणतात, “नजर लागली.”

पोट फुगवणारा जंत वेगळा. तो गोल जंत, उकडलेल्या शेवयांसारखा पांढुरका, बोटाएवढा, कधी त्याहूनही लांब. पिल्लाला तो बाहेरून मिळेपर्यंत थांबावं लागत नाही. कुत्रीच्या स्नायूंत या जंताच्या अळ्या वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि शेवटच्या तीन आठवड्यांत वारेतून पिल्लाच्या अंगात उतरतात. पिल्लू जन्माला येतं ते जंत घेऊनच. अंकुशकृमीच्या अळ्या दुधातून येतात. मांजरीच्या पिल्लाचे गोल जंतही आईच्या दुधातूनच. म्हणून “अजून मातीत खेळलंबी नाही, मग जंत कसे?” या प्रश्नाचं उत्तर नेहमी घरी राहिलेलं असतं, आखाड्यावर बाजेखाली निजलेलं.

आता तपासणी. यात काही भारी यंत्र लागत नाही. साधं मीठ गरम पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत ढवळायचं आणि गार करायचं. बोराएवढी ताजी विष्ठा त्यात कालवून चहाच्या गाळणीनं गाळायची. काचेची नळी या पाण्यानं इतकी भरायची, की थेंब काठावर फुगून दिसावा. त्यावर पातळ काचेची चकती अलगद ठेवायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मिठाच्या जड पाण्यात जंतांची अंडी वर तरंगतात आणि चकतीला खालून चिकटतात. ती चकती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की समोर येतं ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. गोल जंताचं अंडं वाटोळं, जाड कवचाचं, कवचावर देवीच्या व्रणांसारखे खळगे. अंकुशकृमीचं लांबट, कवच कांद्याच्या पापुद्र्यासारखं, आत चार-आठ पेशींचा घोस. चाबूककृमीचं तर हुबेहूब पखवाज, दोन्ही तोंडांना बुचं बसवलेलं.

गर्दीच्या दवाखान्यात ही तपासणी दर वेळी होत नाही, पण व्हायला हवी. ती टाळली की चूक होते. रक्ती हगवणीचं प्रत्येक पिल्लू जंतांचं नसतं. काहींना कॉक्सिडिया असतो. तो एकपेशीय जीव, जंताच्या गोळीला दाद देत नाही, त्याची औषधं निराळी. काहींना पार्वो असतो, आणि त्या विषाणूनं ओकाऱ्या काढणाऱ्या पिल्लाला नुसता जंताचा डोस पाजून घरी धाडणं म्हणजे हातचा दिवस घालवणं. उलट, दहा दिवसांच्या पिल्लाच्या विष्ठेत एकही अंडं सापडत नाही आणि तरी ते अंकुशकृमीनं मरत असतं, कारण जंत अजून अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसतात. अशा वेळी काच खोटं बोलते, हिरडी खरं. हिंगोलीची अवघड प्रकरणं परभणीला जातात. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 सालचं.

पट्टकृमी मात्र काचेपेक्षा डोळ्याला लवकर दिसतो. शेपटीखाली भाताच्या शितासारखे तुकडे चिकटलेले असतात, ताजे असतील तर हलतात, वाळले की तिळासारखे दिसतात. हा पिसवांतून येतो. कुत्रं अंगावरची पिसू चावून गिळतं आणि पिसवेच्या पोटातली अळी त्याच्या पोटात जाते. गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या तर महिनाभरात शितं परत. इथे एक धोका सांगायलाच हवा. गोठ्यात गोचिडांसाठी फवारतात ते सायपरमेथ्रिनसारखं औषध मांजराच्या अंगाला लावू नये. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. झटके येऊन मांजर मरतं.

औषध देण्याआधी वजन. याच पायरीला सगळ्यात जास्त घाई होते. कुत्र्याच्या नेहमीच्या गोळीत तीन औषधं असतात, पायरँटेल, प्रॅझिक्वान्टेल आणि फेबँटेल, आणि प्रमाण दहा किलोला एक गोळी. आखाड्यावरचा गावरान कुत्रा पंधरा-वीस किलोचा भरतो, त्याला एक गोळी म्हणजे अर्धवट डोस. पिल्लाला सिरप, तेही किलोवर मोजून. काटा नसेल तर धन्यानं पिल्लाला कडेवर घेऊन वजन करावं, मग एकट्याचं, वजाबाकी सोपी आहे. हळदीचं पोतं ग्रॅमसुद्धा न चुकता मोजणाऱ्या या जिल्ह्यात काट्यांची वानवा नाही.

अंदाजाच्या औषधानं किती नुकसान होतं, ते गोठ्यातल्या बाटल्या सांगतात. वासराचं उरलेलं अल्बेंडाझोल कुत्र्याला पाजतात. दिवसामागून दिवस दिलं तर ते कुत्र्या-मांजरांच्या हाडांतल्या मगजावर घाला घालतं, रक्त तयार होणंच मंदावतं. आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शन त्याहून धोक्याचं. ते एका मिलीलीटरमध्ये दहा मिलिग्रॅम असतं. दहा किलोच्या कुत्र्याला हातानं एक-दोन मिलीलीटर टोचलं, तर कुत्रं झिंगतं, बुबुळं फाकतात, दिसेनासं होतं. उतारा नाही. ज्या औषधाच्या शोधाला 2015 साली नोबेल मिळालं, तेच वजन न बघता दिलं की असं होतं. आणि पट्टकृमीवर ते चालतही नाही.

गोळी पोटात घालणं हे हाताचं कसब आहे. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, ते याच जिल्ह्यात. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. तूप इथेही कामाला येतं. भाकरीच्या कुटक्याला तूप चोपडून गोळी आत दडवली की बहुतेक कुत्री गट्ट करतात. जी थुंकतात, त्यांचं तोंड वर करून गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची, जबडा मिटून धरायचा, गळा खालच्या दिशेनं चोळायचा. कुत्र्यानं जिभेनं नाक चाटलं की समजावं, गेली. मांजराला गोणपाटात गुंडाळावं लागतं. कुत्र्याची गोळी मात्र त्याला मोडून देऊ नये, मांजराची वेगळी मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या मोबाइलवर फोटो येतो, मातीवर पडलेल्या शेवयांचा. खाली लिहिलेलं असतं: “पडले साहेब.” आणि तिथेच बहुतेकांचा उपचार संपतो.

खरं तर तो अर्ध्यावर आलेला असतो. गोळी मारते ती आतड्यात उतरलेल्या जंतांना. ज्या अळ्या त्या दिवशी यकृतातून फुप्फुसाकडे निघालेल्या असतात, त्यांना गोळी गाठत नाही. त्या खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि दोन-तीन आठवड्यांत आतडं पुन्हा भरतं. म्हणून पंधराव्या दिवशी दुसरा डोस. पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, पुढे तीन महिन्यांतून एकदा. आणि पिल्लांबरोबर त्यांच्या आईला, त्याच दिवशी. पंधराव्या दिवशी गोणी परत येते का, यावर सगळा उपचार टिकून असतो. सोयाबीनची काढणी, हळदीची शिजवण अशा दिवसांत ती फारशी येत नाही.

हे कुत्र्यापुरतं नाही. 2015 पासून 10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांत मुलांना जंताची गोळी देतात. ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी. कुत्र्याच्या गोल जंताची अंडी मातीतून मुलाच्या पोटात गेली, तर अळ्या आतड्यात थांबत नाहीत, यकृतात, फुप्फुसात भटकतात, क्वचित डोळ्यात शिरतात आणि त्या डोळ्याची नजर नेतात. ताज्या विष्ठेतलं अंडं लागण करत नाही, त्याला मातीत दोन-तीन आठवडे लागतात. अंगण रोज झाडून घाण खोल पुरली तर ही साखळी तिथेच तुटते. फिनाइल टाकून मात्र अंडी मरत नाहीत.

मेंढरांच्या वाड्यावर आणखी एक जंत आहे. लांबी जेमतेम तीन ते सहा मिलीमीटर, डोळ्याला सहज दिसत नाही. मेलेल्या मेंढीच्या काळजावर किंवा फोफशावर पाण्यानं भरलेले फोड दिसतात, ते याचेच. तो फोड कुत्र्यापुढे टाकला की कुत्र्यात जंत, कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या यकृतात तसाच फोड, वर्षानुवर्षं वाढणारा. न्यूझीलंडनं 1959 पासून देशभर कुत्र्यांना ठरल्या दिवशी एकत्र आणून औषध पाजलं. सुरुवातीचं औषध होतं ॲरेकोलिन, आपल्या सुपारीतलं. 2002 साली तो देश या रोगातून जवळजवळ मोकळा झाल्याचं जाहीर झालं. आज प्रॅझिक्वान्टेल तालुक्याच्या मेडिकलवर मिळतं. मेंढरांमागच्या कुत्र्याला ते दर सहा आठवड्यांनी द्यावं आणि फोड आलेलं काळीज जाळावं किंवा पुरावं, कुत्र्यापुढे टाकू नये.

दारातली कुत्री व्याली असेल, तर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाभोवती गोल करा आणि पिल्लांसोबत तिलाही दवाखान्यात न्या. पहिली गोळी दिल्यावर त्यापुढच्या पंधराव्या दिवसाभोवती दुसरा.