गादीवरून शर्यतीपर्यंत : चार दिवसांचा जलसा, सोळा आठवड्यांची तयारी

दुकानदाराला पळण्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न हे शीर्षक वाचून कोणालाही पडेल. मलाही पडला होता. सकाळी दहाला शटर उघडायचे, गादीवर बसायचे, गिऱ्हाईकासमोर थान उलगडायचे आणि रात्री नऊला हिशेब करून उठायचे. अशी तीस वर्षे गेली. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासले, साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "शेठ, गोळी देतो, पण चालायला लागा. बसून राहाल तर गोळ्यांची संख्या वाढत जाईल."

त्याच सुमारास अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामू, जानेवारीत इकडे या. डिस्नेच्या बागेत चार दिवस शर्यती असतात. तुम्ही नुसते चालत गेलात तरी चालेल." मी हसण्यावारी नेले. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की हा पोरखेळ नाही. त्यामागे मोठा कारोबार आहे, आणि त्यात उतरणाऱ्याला धंद्याइतकेच नियोजन लागते. तीच माहिती व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी येथे देत आहे.

शर्यतीचा जलसा म्हणजे काय?

खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका अनेकांनी मुलांना घेऊन पाहिले असेल. अशा उद्यानांना थीम पार्क म्हणतात. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ डिस्ने कंपनीची अशी चार मोठी उद्याने एकाच आवारात आहेत. तेथे १९९४ पासून जानेवारीत मॅरेथॉन होते. आता ती चार दिवसांची झाली आहे. गुरुवारी ५ किलोमीटर, शुक्रवारी १०, शनिवारी अर्धी मॅरेथॉन म्हणजे सुमारे २१ आणि रविवारी पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. चारही दिवस धावणाऱ्यांसाठी २०१४ पासून वेगळे पदक आहे. त्यांचे एकूण अंतर ७८ किलोमीटर भरते.

तेथे पहिला येणाऱ्यापेक्षा शेवटच्याची चर्चा जास्त असते. नियम असा, की एक मैल १६ मिनिटांत पार झाला पाहिजे, म्हणजे किलोमीटरला जेमतेम दहा मिनिटे. सर्वांच्या मागून याच गतीने फुगे घेतलेल्या बाया चालत येतात. त्यांच्या मागे पडलेल्याला गाडीत बसवून परत नेतात. ही गती म्हणजे झपाझप चालणे आणि अधूनमधून पळणे. गादीवर बसणाऱ्या माणसालाही हे जमू शकते, मात्र एका दिवसात जमत नाही.

खर्चाचाही विचार करा. तेथील पूर्ण मॅरेथॉनची फीच दोनशे डॉलरच्या वर आहे. नावनोंदणी बरेच महिने आधी होते. भरलेली फी परत मिळत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही होत नाही. व्हिसा, विमान आणि मुक्काम वेगळा. म्हणून माझा सल्ला असा, की पहिला सौदा घरच्या बाजारात करावा.

घरचा बाजार : मुंबई

आपल्याकडची अशी सर्वांत मोठी शर्यत मुंबईची. ती २००४ साली सुरू झाली आणि आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. पूर्ण, अर्धी आणि १० किलोमीटर असे भाग आहेत, शिवाय हौशी लोकांसाठी सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन आहे. हे काम मोठ्या शहरांतील लोकांचे, असे समजू नका. आपल्या शेजारच्या परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली याच शर्यतीत भारतीय महिलांमध्ये पहिला क्रमांक मिळवला आहे.

सोळा आठवड्यांचा हिशेब

प्रथम डॉक्टर. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. डॉक्टर सांगतील तर पट्ट्यावर चालवून करतात ती तपासणीही करावी. छातीत दुखणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर त्याच जागी थांबावे. त्यात हिंमत दाखवू नये.

आठवड्यातून तीन दिवस पुरतात. मंगळवार आणि गुरुवारी अर्धा ते पाऊण तास, आणि रविवारी लांब अंतर. शुक्रवारी पूर्ण आराम. अंग विश्रांतीतच तयार होते, हे विसरू नका.

अर्ध्या मॅरेथॉनसाठी रविवारचे अंतर असे वाढवावे. पहिले तीन आठवडे ५, ६ आणि ७ किलोमीटर, चौथ्या आठवड्यात परत ५. मग ८, ९, १० आणि आठव्यात ७. मग १२, १३, १४ आणि बाराव्यात १०. तेराव्यात १६, चौदाव्यात १८, पंधराव्यात उतरून १० आणि सोळाव्यात शर्यत. दर चौथ्या आठवड्याची उतरण मुद्दाम आहे. हाडे आणि स्नायू यांना झालेली झीज भरून काढायला वेळ लागतो. दम लवकर वाढतो, पण गुडघे आणि घोटे मागे राहतात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात माणसाला वाटते, आता आपण काहीही पळू. बहुतेक दुखापती त्याच वेळी होतात. अंतर उधारीवर उचलू नये. त्याचे व्याज गुडघे भरतात.

पद्धत कोणती? १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी पळणे आणि चालणे यांची सांगड घालून शिकवले. डिस्नेच्या शर्यतींसाठीही त्यांच्याच पद्धतीने तयारी करून घेत. दोन मिनिटे सावकाश पळावे, एक मिनिट चालावे. थकल्यावर चालायचे असे नाही, पहिल्या किलोमीटरपासूनच हा क्रम पाळायचा. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर गती जास्त आहे.

आता व्यापाऱ्याची अडचण. जानेवारीतून सोळा आठवडे मागे मोजले, तर तयारी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते आणि ऐन मध्यावर दिवाळीचा सीझन येतो. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून शिंपी थोडे जादा कापड मागतो. तसे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात करावी. सोळा आठवडे तयारीचे आणि तीन आठवडे दिवाळीचे. त्या तीन आठवड्यांत अंतर वाढवू नये. जमेल तेवढे चालून पाय मोकळे ठेवावेत.

वेळ आणि जागा यांची आपल्याला अडचण नाही. फजरची नमाज झाली, की तासभर आपलाच असतो. नांदेडला गुरु गोबिंदसिंगजी स्टेडियम आहे, विष्णुपुरीकडचा रस्ता आहे. लातूरला क्रीडा संकुल आहे. तेही लांब वाटले तर दुकाने उघडण्याआधी गंजगोलाईला फेऱ्या माराव्यात. सोळा रस्ते जेथे मिळतात, तेथे त्या वेळी गाड्याही नसतात आणि गिऱ्हाईकही नसते.

रमजानमध्ये अंतर निम्मे करावे. इफ्तारच्या आधी अर्धा तास चालावे किंवा तरावीहनंतर सावकाश पळावे. चंद्राच्या हिशेबाने २०२९ आणि २०३० साली रमजान जानेवारीतच येईल आणि मुंबईची शर्यत रोज्यांच्या दिवसांत पडेल. ज्यांच्या मनात आहे, त्यांनी त्याआधीची वर्षे धरावीत.

कापड्याचा कबुलीजबाब

आयुष्यभर मी गिऱ्हाईकाला सुती कापडच चांगले म्हणून सांगत आलो. पळण्यासाठी मात्र ते चालत नाही. कारण साधे आहे. कापूस हवेतूनच आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. सुती बनियन घामाने भिजते, जड होते आणि दोन तासांत काखेत व छातीवर कातडी सोलते. पॉलिएस्टरच्या जाळीदार विणीतून घाम बाहेर येऊन वाळतो. म्हणून शर्यतीचे सारे शर्ट त्याच कापडाचे असतात. घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावावी. बूट पायापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्यावेत, कारण लांब अंतरात पाय सुजतो. नवा बूट आणि नवे मोजे शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नयेत.

येथे धंद्याचीही गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी दोनशे जणांची दौड भरली, तरी दोनशे शर्ट, छातीवरचे नंबर, पदके, मांडव, पाणी आणि केळी लागतात. हे शर्ट बहुतेक बाहेरून छापून येतात. आपल्या शिंपी आणि छपाईवाल्या बंधूंनी विणलेल्या पॉलिएस्टरवर शिलाई आणि छपाईचे काम शिकून घेतले, तर लहान ऑर्डर गावातच राहतील.

शेवटचे तीन दिवस

माझी चूक येथे झाली. पहिल्या वर्षी तयारी चांगली होती. मुंबईच्या शर्यतीचा नंबर रविवारी सकाळी मिळत नाही. आधीच्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावा लागतो. म्हणून शुक्रवारीच पोहोचलो आणि नंबर घेतला. शनिवार रिकामा होता. मनात आले, मुंबईत आलोच आहोत तर मंगलदास मार्केटला लग्नसराईचा माल पाहून घेऊ. सकाळपासून मगरीबपर्यंत उभ्याने माल पाहिला, भाव केले, गल्ल्या तुडवल्या. रात्री मोहम्मद अली रोडला पोट भरून जेवलो.

रविवारी पेडर रोडच्या चढणीवर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. पुढचे अंतर लंगडत काढले. सोळा आठवड्यांची मेहनत मी एका दिवसाच्या खरेदीत घालवली होती. भाच्याला फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "मामू, इथेही हेच होतं. लोक आदल्या दिवशी मुलांना घेऊन दिवसभर बाग फिरतात आणि शर्यतीत बसकण मारतात."

दुसऱ्या वर्षी क्रम बदलला. गुरुवारी रात्रीच्या देवगिरीने निघालो. लातूरच्या बंधूंना रात्रीची मुंबई गाडी सोयीची आहे. शुक्रवारी नंबर घेतला. शनिवारी खोलीवर पाय वर करून पडलो, साधा वरण-भात दुपारीच पोटभर खाल्ला आणि रात्री हलके जेवलो. बाजार सोमवारी केला. रविवारी मार्केट बंदच असते, त्यामुळे नुकसान काहीच झाले नाही. डिस्नेला जाणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा : आधी शर्यत, मग सैर. चारही दिवस धावायचे असेल, तर तयारीतही शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस धावून थकलेल्या पायांची सवय करावी.

शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुटते आणि फजरची वेळ सहाच्या आसपास सुरू होते. सव्वासातला सूर्य उगवतो. म्हणजे नमाज वाटेतच येते. मी पातळ रुमाल कमरेला बांधला होता. पाण्याच्या टेबलावरून एक बाटली घेऊन वजू केला आणि पळणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला होऊन नमाज अदा केली. पाच-सहा मिनिटे गेली. ती आधीच हिशेबात धरली होती.

खिशात चार खजूर ठेवावेत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर पळताना एकदम उतरू शकते. त्यांनी त्या सकाळच्या औषधाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. पाणी तहान लागेल तसे घोट-घोट प्यावे. गरज नसताना लोटेच्या लोटे पाणी प्यायल्याने रक्तातले मीठ पातळ होते, आणि तेही धोक्याचे आहे.

त्या वर्षी मी अर्धी मॅरेथॉन तीन तासांच्या थोड्या आत पूर्ण केली. माझ्या मागे बरेच तरुण होते, पुढे त्याहून जास्त म्हातारे होते. साखरेची गोळी चालू आहे, पण डॉक्टरांनी ती अर्धी केली आहे.

बंधूंनो, दुकान आपण मुलांच्या हाती सोपवू शकतो, हे शरीर सोपवता येत नाही. सप्टेंबर येईल तेव्हा डॉक्टरांकडे जा, बूट घ्या आणि पहिल्या रविवारी फक्त पाच किलोमीटर जा. अमेरिकेची बाग आणि मुंबईचा रस्ता पुढे आहेतच. इन्शाअल्लाह, सुरुवात गंजगोलाईच्या एका फेरीनेही होईल.