सायकलीची पावती

सायकल म्हणजे गरिबाचा घोडा. हा घोडा दाणावैरण मागत नाही. त्याच्यावर बसून माणूस कामावर जातो, तसा हौसेने मुलुखही पाहतो.

समजा, आपण मुंबईहून सायकलीने रत्नागिरीला गेलो. वाट सुमारे साडेतीनशे किलोमीटरची. कशेडीचा घाट चढलो, चिपळूण पाहिले, समुद्र पाहिला. आता पाय दमले. रजाही संपली. परत कसे यायचे? रेल्वेने! कोकण रेल्वेचा सगळा मार्ग १९९८ साली सुरू झाला. तेव्हापासून ही सोय आहे.

पण सायकल आपल्या डब्यात घेता येत नाही. तिची जागा सामानाच्या डब्यात. तो बहुधा गाडीच्या टोकाला असतो. काही गाड्यांत सायकल घेतच नाहीत. म्हणून आदल्या दिवशीच स्टेशनवर चौकशी करावी.

सायकल पाठवण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत लगेजची. आपले तिकीट दाखवायचे, म्हणजे सायकल आपल्याच गाडीने येते. दुसरी रीत पार्सलची. तिला तिकीट लागत नाही. पण सायकल मागाहून दुसऱ्या गाडीने येऊ शकते. आपल्याला सायकल बरोबर हवी, तेव्हा लगेजच बरे.

गाडीच्या निदान अर्धा तास आधी सायकल कचेरीत द्यावी लागते. तास-दीड तास आधी गेलात तर धावपळ होत नाही. जाण्यापूर्वी एवढे करा. पंप, दिवा, पिशव्या काढून आपल्याजवळ घ्या. हँडल वळवून सायकलीच्या रेषेत आणा. गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट बांधा. मग दोन पुठ्ठ्यांवर आपले नाव, फोन नंबर, कोठून आणि कोठे हे ठळक लिहा. एक पुठ्ठा पुढे बांधा, एक मागे. एक तुटला तरी दुसरा राहतो.

कारकून सायकलीचे वजन करतो, पैसे घेतो व पावती देतो. सायकलीची किंमत मोठी असेल तर ती आधीच सांगावी आणि त्याचा जादा आकार भरावा. तो न भरल्यास हरवलेल्या सायकलीची भरपाई वजनावर ठरते. ती फार थोडी मिळते.

आता मुख्य गोष्ट. पावती घेतली की लगेच खिशात घालू नका. तिथेच उभे राहून वाचा! कोकणच्या सगळ्या गाड्या मुंबईत एकाच स्टेशनवर जात नाहीत. कोणी दादरला थांबते, कोणी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, कोणी लोकमान्य टिळक टर्मिनसला. पावतीवर आपल्याच गाडीचे स्टेशन आहे ना? नग किती लिहिलेत? चूक असेल तर ती तिथेच दुरुस्त होते. गाडी सुटल्यावर कोणाला सांगणार? आपण ठाण्याला उतरलो आणि सायकल दादरला नोंदलेली असली, तर ती पुढे निघून जाईल.

मुंबईला उतरल्यावर रेंगाळू नका. पावती दाखवा, सायकल ताब्यात घ्या. मुदतीत नेली नाही तर रेल्वे जागेचे भाडे लावते.

तिकीट माणसाला घरी आणते; सायकलीला पावती आणते. सायकलीवर ज्याचे पोट आहे, त्याने तो कागद नोटेसारखा जपावा.